आईचा मोर बाजूला ठेव, आधी तुझा धावदोरा घाल

या आठवड्याचं पत्र घोडबंदर रोडवरून आलंय. थोडक्यात सांगते.

"ताई, माझं वय ४३, ऐरोलीला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या ट्रंकेत आईच्या हातचा एक अर्धवट अभ्रा सापडला, पांढऱ्या कापडावर मोर, मान आणि अर्धा पिसारा भरलेला, बाकीचा नुसता पेन्सिलने काढलेला, आणि सुई तशीच टोचलेली, गंजलेली. आई कळव्याला भावाकडे असते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हात थरथरतो, ती आता शिवत नाही. मी ठरवलं की आपण हा मोर पूर्ण करून तिला द्यायचा, तिला सांगितलेलं नाहीये. लहानपणी थोडंफार भरतकाम केलं होतं, म्हटलं डोक्यालाही आराम मिळेल, सगळ्या म्हणतात भरतकामाने खूप रिलॅक्स वाटतं. पण मला उलट टेन्शन येतं. रोज रात्री बसते, भरते, आईसारखं येत नाही म्हणून उसवते. मागची बाजू तर बघवत नाही. नवरा म्हणतो एवढं करतेस तर ऑर्डरी घे. सासूबाई म्हणतात मशीनवर दहा मिनिटांत होतं, डोळे कशाला फोडतेस. आणि माझा १२ वर्षांचा मुलगा शेजारी येऊन बसतो, मलाही शिकव म्हणतो, तर त्यावरून घरात हसतात. मला खरंच आवडतं का हे, की मी उगाच करतेय?"

अगं, तू मला ताई म्हटलंस म्हणून मी तुला सरळ तूच म्हणते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आलं की तू भरण्याबद्दल फार काही लिहिलेलंच नाहीयेस, सगळं उसवण्याबद्दल लिहिलंयस. रोज रात्री उसवते. आता मला सांग, दिवसभर आकडे जुळवून, दोन वेळची गर्दी अंगावर घेऊन, घरी येऊन कुकर लावून, मग दहा वाजता बसून आपणच घातलेले टाके आपणच कापून काढायचे, यात आराम कुणाला मिळेल गं? कुणालाच नाही मिळणार, मला ४० वर्षं सुई धरून झाली तरी मलाही नाही मिळणार. त्यामुळे "मला आवडतं का हे" हा प्रश्न आत्ता विचारूच नकोस, कारण तू अजून भरतकाम केलेलंच नाहीयेस, तू आईची बरोबरी करायचा प्रयत्न करतेयस, आणि तेही तिच्या सर्वात अवघड कामावर.

कारण बघ, मोराचा पिसारा म्हणजे भरीव टाका, ज्याला आपण सॅटिन स्टिच म्हणतो तो. दिसायला एकदम सोपा, या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरा, परत, परत. पण शिकायला त्याच्याइतका चेंगट टाका नाही, एक दोरा जरा जास्त ओढला की कापड चुरगळतं, जरा सैल सोडला की लोंबतो, कड एक धागा पुढेमागे झाली की आकार करवतीसारखा दिसतो. आणि त्यात दुसऱ्याच्या अर्धवट कामात घुसायचं! प्रत्येकीच्या हाताची ओढ वेगळी असते, अक्षर असतं ना तसंच, दोन बहिणींनी एकाच वर्गात एकाच बाईंकडे शिकलं तरी दोघींचा साखळी टाका वेगळा ओळखू येतो. तू कितीही उसवलंस तरी तुझी ओढ तुझीच येणार. शिवाय दोरा. आईने घेतलेली लडी कित्येक वर्षांपूर्वीची असणार, आज त्याच नंबरची आणलीस तरी रंगाचा घाणा वेगळा, आणि तिचा दोरा इतकी वर्षं पडून थोडा उतरलेला, तो जुळणारच नाही. म्हणजे तू रोज रात्री अशा गोष्टीसाठी स्वतःला नापास करतेयस जी कुणाकडूनच होणारी नाही.

म्हणून पहिलं काम, तो मोर बाजूला ठेव. माळ्यावर नको, कपाटात ठेव, हाताशी. रिंग, म्हणजे कापड ताणून धरायची गोल चौकट, लावलेली असेल तर काढून टाक, रिंग दिवसेंदिवस लावून ठेवली की कापडावर गोल वळ पडतो आणि मग तो धुऊनही लवकर जात नाही. जुन्या सुती ओढणीत गुंडाळ, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आपल्या ठाण्याच्या पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये कोंडलेल्या कापडाला बुरशीच लागते. मोराकडे आपण शेवटी परत येऊ.

आता आरामाचं बोलते, कारण तुझा खरा प्रश्न तोच आहे आणि यात लोक अर्धंच सांगतात. भरतकामाने मन शांत होतं हे खरंय, पण सगळ्या भरतकामाने नाही आणि रोज नाही. काही टाके डोकं मागतात, काही मागत नाहीत. मॅटी म्हणजे घरं मोजता येणारं चौकडीच्या विणीचं कापड, त्यावरचा फुलीचा टाका घे, चार्ट समोर ठेवून घरं मोजायची, सतरा घरं लाल, तीन सोडा, परत पाच, हे ज्या बाईचं दिवसभर आकड्यांशी काही देणंघेणं नाही तिला मस्त वाटेल, तू अकाउंट्समधली, तुला ते ओव्हरटाइमच वाटेल. भरीव टाका सतत नजर मागतो. आणि धावदोरा, साखळी, देठाचा टाका, हे असे आहेत की दहा मिनिटांत हाताला कळतात आणि मग हात आपला चालत राहतो, डोकं मोकळं होतं. आपल्याकडे याला एक इतका छान शब्द आहे, तंद्री. ती लागते, आपण लावायची म्हटली तर लागत नाही. हाताला एकसारखा चाळा पाहिजे, चूक झाली तरी काही बिघडणार नाही असं काम पाहिजे, आणि पुढचा टाका कुठे घालायचा हे समोर दिसत पाहिजे, एवढं जमलं की ती आपोआप लागते.

आपल्या आज्या गोधडी शिवायच्या ते आठव. जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर अंथरायचे आणि कडेपासून आत धावदोरा घालत जायचं, दुसरं काहीच नाही, एकच टाका, हजारो वेळा. दुपारची भांडी आवरली की चार बायका चार बाजूंना बसायच्या, गप्पा चालू आणि हात चालू. कुणी त्याला रिलॅक्सेशन म्हणत नव्हतं, पण दुपारच्या त्या दोन तासांत त्यांना कुणी उठवलेलं चालायचं नाही हे मला चांगलं आठवतंय.

माझं स्वतःचं सांगते. सासरे ११ दिवस हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा रात्री मी थांबायचे. वाचायला घेतलं तर एकच ओळ परत परत वाचायचे, मोबाईल बघितला की जास्तच घाबरायला व्हायचं, आणि तिसऱ्या रात्री मी पर्समध्ये एक पांढरा रुमाल आणि एक निळी लडी टाकून नेली. नक्षी काही काढलेली नव्हती. रुमालाच्या कडेने धावदोरा घालत गेले, एक फेरी झाली की त्याच्या आत दुसरी, मग तिसरी. नर्स यायची, सलाईन बघायची, मी उठायचे, परत बसायचे, टाका जिथे सोडला होता तिथेच असायचा. मला त्या रुमालाने धीर दिला बिर दिला असं मी म्हणणार नाही, पण माझा श्वास जागेवर यायचा, आणि पहाटेपर्यंत मी जागी राहायचे ती घाबरून नाही. सासरे घरी आले. तो रुमाल अजून आहे, आठ फेऱ्या आहेत, एकही सरळ नाही, आणि त्यात उसवलेला एकही टाका नाही.

तर तू आता हे कर. वीतभर-दोन वीत कापड घे, मांजरपाट किंवा साधं कॅसमेंट, नवीन विकत आणायचीही गरज नाही, जुनी सुती उशीची खोळ फाडलीस तरी चालेल, किंबहुना ते जास्तच बरं कारण जुन्या कापडातून सुई लोण्यासारखी जाते. नवीन आणलंस तर आधी धुऊन घे, खळ निघून जाते आणि जे काही आटायचं असेल ते आधीच आटतं, नाहीतर भरून झाल्यावर पहिल्या धुण्यात सगळं आकसतं. रिंग सहा इंची पुरे, लाकडी, स्क्रूवाली. आतल्या रिंगला जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून टाके घालून टाक, कापड सरकत नाही आणि डाग-वळही पडत नाही. हे सगळं सामान तुला स्टेशनच्या बाजूच्या लेस-बटणाच्या दुकानांत मिळेल, जांभळी नाक्याकडे गेलीस तर आणखी स्वस्तात मिळेल, फक्त शनिवारी संध्याकाळी जाऊ नकोस, गर्दीतच जीव जाईल.

दोऱ्याचं जरा सविस्तर सांगते कारण निम्मी चिडचिड दोऱ्यामुळे होते आणि बायकांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. अँकरची लडी घेतलीस ना, ती ८ मीटरची असते आणि दोरा सहापदरी असतो. सहाच्या सहा पदर ओवून लोक बसतात आणि मग दोरा कापडातून जाता जात नाही. बारीक रेघेला दोन पदर घे, फुला-पानाला तीन. आणि पदर काढताना एकेक काढायचा, टोकाशी धरून सरळ वर ओढायचा, बाकीचे पाच खाली गोळा होतात आणि मग आपोआप सुटतात. दोन-तीन एकदम ओढलेस की गुंता झालाच. एकेक काढून मग जोडून ओवायचे, तसे केले की ते शेजारी शेजारी सपाट बसतात आणि टाका भरदार दिसतो. लांबी हातभर, बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याहून जास्त अजिबात नको. सारखं सारखं ओवायचा कंटाळा म्हणून आपण लांबलचक घेतो आणि मग तो कापडातून शंभर वेळा जाऊन जाऊन पिंजतो, गाठी बसतात. आणि टाके घालता घालता दोऱ्याला पीळ पडत जातो, तेव्हा थांबायचं, कापड उलटं धरायचं आणि सुई मोकळी खाली सोडून द्यायची. ती गरगर गरगर फिरते, मग हळू होते, मग थांबते. पीळ निघाला. मला सगळ्या भरतकामात हे सगळ्यात आवडतं, ती सुई फिरायची थांबेपर्यंत बघत बसायचं, तेवढ्यात आपल्या खांद्यांचाही पीळ निघतो असं मला खरंच वाटतं.

सुई बारीक पण नेढं लांबट असलेली घे, भरतकामाची म्हणूनच मिळते, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, दोन-तीन पदरांना सात-आठ नंबर बरोबर. आणि तू ४३ ची आहेस, चाळिशी लागली आहे का नाही ते पत्रात नाही, पण ओवताना हात लांब नेऊन बघावं लागत असेल तर आधी डोळे तपासून घे, चष्म्याचा नंबर बदललेला असताना भरतकाम करणं म्हणजे खरंच डोकं दुखवून घेणं. सासूबाई डोळ्यांचं म्हणतात त्यात तेवढं तथ्य आहे, ते मान्य कर. ट्यूबलाइट पाठीमागे असेल तर आपलीच सावली कापडावर पडते, टेबल लॅम्प डाव्या बाजूला ठेव, म्हणजे तू उजव्या हाताने शिवत असशील तर. आणि वीसेक मिनिटांनी मान वर करून लांब बघायचं, तुमच्या बाजूच्या बऱ्याच बिल्डिंगमधून येऊरचे डोंगर दिसतात, तुमच्याकडून दिसत असतील तर त्यांच्याकडेच बघ.

हो, आणि त्या डोंगरांवरूनच सुचतंय. काय भरू हा प्रश्न आला की आपण लगेच मोबाईल उघडतो, आणि मग रील वर रील, गुलाब, टोपल्या, कुणाकुणाच्या त्या एकसारख्या नाजूक पाकळ्या, आणि अर्धा तास संपतो आणि आपण एकही टाका घातलेला नसतो आणि वर मन खट्टू. पहिला महिनाभर कुणाचं काही बघू नकोस. बाल्कनीतून दिसणारी डोंगराची कडा पेन्सिलने एका रेघेत कापडावर काढ, वाकडी आली तर उत्तम, डोंगर सरळ कुठे असतो. त्या रेघेवर हिरव्या दोऱ्याने धावदोरा घाल. दुसऱ्या दिवशी त्याच्या खाली दुसऱ्या हिरव्याची रेघ, तिसऱ्या दिवशी साखळी टाका, वाटलं तर एका कोपऱ्यात चार गाठीचे टाके, काही वाटलं नाही तर काही नाही. थंडीत तुझ्या ऐरोलीच्या खाडीत रोहित पक्षी येतात ना, तेव्हा गुलाबी लडी काढ आणि देठाच्या टाक्याने दोन लांब पाय आणि एक वाकडी मान कर, झाला फ्लेमिंगो. या कापडाचं काय करायचं? काहीच नाही. हे मी मुद्दाम सांगतेय. उशी नाही, फ्रेम नाही, कुणाला गिफ्ट नाही. ज्याचं काही होणारच नाहीये ते बिघडणार कसं?

रोज किती, तर पंधरा मिनिटं, आणि दहा वाजता नको. दहा वाजता तू संपलेली असतेस. घरी आल्यावर चहा होतो ना, चहा झाल्यावर आणि कुकर लावायच्या आधी, किंवा कुकर लागलाय तेव्हा, तीन शिट्ट्या होईपर्यंत. ज्या दिवशी नाही जमणार त्या दिवशी नाही. सामान मात्र समोर पाहिजे, डब्यात घालून डबा कपाटात ठेवलास की संपलं. आणि लोकलमध्ये करू का असं तुझ्या मनात येईल म्हणून आधीच सांगते, ठाण्याहून गाडी सुटते म्हणून सकाळी जागा मिळत असेलही, पण गर्दीत सुई नको, बाजूवाल्या बाईला लागली तर? गाडीत क्रोशा ठीक आहे. किंवा नुसतं खिडकीबाहेर बघ.

मागच्या बाजूबद्दल. शाळेत शिवणाच्या तासाला आमच्या बाई आधी कापड उलटं करून बघायच्या आणि मग मार्क द्यायच्या, मला वाटतं तुझ्याही डोक्यात तसंच काहीतरी बसलंय. आता खरं काय ते सांगते. कर्नाटकातली कसूती असते, इरकल साडीवर बघितली असशील, गोपुरं, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती. त्यात नक्षी छापत नाहीत, कापडाचे धागे मोजून टाके घालतात आणि दोऱ्याला गाठ मारत नाहीत, त्यातले गावंती आणि मुर्गी हे टाके असे की पुढून आणि मागून काम सारखंच दिसतं. तिथे मागची बाजू स्वच्छ असणं हे त्या कलेचंच अंग आहे. पंजाबची फुलकारी तर उलट्या बाजूनेच भरतात, बाई मागून टाके घालते आणि नक्षी पुढे उमटते. पण तू जे करतेयस त्यात मागची बाजू ही फक्त मागची बाजू आहे. दोरा तिथून इकडे-तिकडे जाणारच. फक्त एकच बघ, एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत दोन बोटांपेक्षा लांब दोरा मागून ओढत नेऊ नकोस, तिथे दोरा संपव आणि नवीन सुरू कर, नाहीतर पुढून कापड चुणतं आणि फिकट कापडातून तो दोरा दिसतोही. बाकी गाठ मारायची तर बिनधास्त मार.

आता ऑर्डरी. तुझे मिस्टर प्रेमानेच म्हणत असतील, कौतुक करायची ती एक पद्धत असते, पण याबाबत माझं मत एकदम पक्कं आहे, एक वर्ष तरी एकही ऑर्डर घेऊ नकोस. मी घेतल्या होत्या. एका दिवाळीला ओळखीतल्या बायकांचे १४ ब्लाउज घेतले, बाह्यांवर आणि गळ्याला भरतकाम. एका ब्लाउजला मी तास मोजले, ११ तास लागले, आणि मी ५५० रुपये घेतले होते, म्हणजे तासाला ५०, त्यात लड्या माझ्याच, दिवाही माझाच. आणि पैशाचं तर सोडच, रंग तिच्या आवडीचे, तारीख तिच्या भाऊबीजेची, आणि मी रात्री दीड वाजता मान मोडेपर्यंत गाठीचे टाके मोजतेय. सगळे वेळेवर दिले. आणि त्यानंतर दोन वर्षं मी सुई हातात धरली नाही, डबा दिसला तरी नको वाटायचं. ज्या बायका यावर घर चालवतात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, तो धंदा आहे आणि त्याचं गणित, त्याची शिस्त वेगळी असते. तुझ्याकडे पगार आहे. तुला दिवसातली एक जागा पाहिजे जिथे कुणी डेडलाइन देत नाही, ती ५० रुपये तासाने विकू नकोस. मिस्टरांना सरळ सांग, हे माझ्यासाठी आहे, यातून काही निघायला नको आहे मला. आणि सासूबाई मशीनचं म्हणाल्या तर वाद घालू नकोस, मशीनवर दहा मिनिटांत होतं हे खरंच आहे. त्यांना रिंग हातात देऊन बघ एकदा. त्यांच्या पिढीतल्या बाईने रुखवतासाठी काहीच भरलं नसेल असं मला वाटत नाही, एखादं तोरण, एखादा टेबलक्लॉथ असेलच. विचार त्यांना काय काय होतं रुखवतात. विषय डोळ्यांवरून तिकडे गेला तर गेला.

आणि तुझा मुलगा. त्याला शिकवच, आजच शिकव, आणि हसणाऱ्यांना हसू दे. मुलाने सुई धरायची नाही हे आलं कुठून गं? आपले शिंपी कोण, पुरुष. मुंबईत जरदोसीच्या, म्हणजे जरीच्या भरतकामाच्या, कारखान्यांत अड्ड्यावर, कापड ताणून बांधायच्या लाकडी चौकटीवर, वाकून बसलेले कारागीर बहुतेक सगळे पुरुषच. आणि एक गोष्ट त्याला नक्की सांग, मुलांना लढाईच्या गोष्टी आवडतात. पहिल्या महायुद्धात हजारो सैनिक जखमी होऊन आले, कुणाचे पाय गेले, कुणाला तोफांच्या आवाजाने असा धक्का बसला होता की हातपाय थरथरायचे, झोप लागायची नाही. तेव्हा इंग्लंडमध्ये त्यांना बरं होताना भरतकाम शिकवलं गेलं, कारण ते पलंगावर बसून करता येतं आणि हात आणि मन दोन्ही एका जागी येतात. १९१८ मध्ये तर अपंग सैनिकांना यातून कमाई व्हावी म्हणून तिथे एक संस्थाच निघाली. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये १९१९ साली युद्ध संपल्यानंतरची प्रार्थना झाली, तेव्हा वेदीवर जे भरतकाम केलेलं वस्त्र होतं ते अशाच शंभराहून जास्त जखमी सैनिकांनी केलेलं होतं, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दक्षिण आफ्रिका अशा सगळीकडच्या. बंदूक धरलेले हात होते ते. मग बारा वर्षांच्या पोराने धरली सुई तर काय झालं.

त्याला वेगळं कापड, वेगळी रिंग दे, तुझ्या कापडावर नको, त्याला आपलं स्वतःचं पाहिजे. बोथट टोकाची मोठी सुई आणि मॅटीचा तुकडा, त्याचं नाव फुलीच्या टाक्याने, मुलांना घरं मोजायला मजा येते, तुला येत नसली तरी. आणि त्याचं चुकलं तर तू उसवू नकोस. विचारलं तरच सांग.

आता मोर. महिनाभराने, दीड महिन्याने, तुझं ते डोंगराचं कापड बऱ्यापैकी भरलं की एका रविवारी दोन्ही कापडं पिशवीत घाल आणि कळव्याला जा. सरप्राइज वगैरे सोडून दे. तू हे आईपासून लपवून करतेयस ना, तिथेच सगळं अडलंय असं मला वाटतं, कारण ज्या एका व्यक्तीला विचारता आलं असतं तिलाच तू विचारत नाहीयेस. तिचा हात थरथरतो, डोळे पूर्वीसारखे नाहीत, पण बोटांना आठवतं गं. अभ्रा तिच्या मांडीवर दे आणि तिला चाचपू दे. मानेला कुठला टाका घातलाय तो तिला विचार, पिसारा कुठून सुरू केला होता, मधल्या डोळ्यात कुठला निळा ठरवला होता, आणि मुख्य म्हणजे अर्धा का राहिला. कदाचित तू झालीस म्हणून राहिला असेल. कदाचित तिला तो मोर आवडेनासाच झाला असेल आणि तू गेले कित्येक दिवस त्याच्यासाठी रडतेयस! तिला विचार, पूर्ण करू का. हो म्हणाली तर उरलेला पिसारा भरीव टाक्याने नाही, तुझ्या हाताला बसलेल्या साखळी टाक्याने भर, आणि रंग जुळवत बसू नकोस, जरा वेगळाच घे, म्हणजे इथपर्यंत आई आणि इथून पुढे तू हे कुणालाही दिसेल. राहू दे म्हणाली तर राहू दे, अर्धा मोर धुऊन इस्त्री करून तिच्याच उशीला घाल.

जायच्या आधी फक्त ती गंजलेली सुई काढ. नुसती ओढू नकोस, गंजाने ती धाग्यांना धरून बसलेली असते, ओढलीस तर कापड फाटेल. आधी टोकाकडच्या बाजूने थेंबभर खोबरेल तेल लाव, दहा मिनिटं थांब, मग हळूहळू फिरवत काढ. तेलाचा डाग साबणाने जातो. गंजाचा पिवळा डाग राहिला तर त्याच्यावर लिंबू पिळून वर मीठ घाल आणि उन्हात ठेव, वाळला की थंड पाण्याने धू, एकदा नाही गेला तर परत कर. पण लिंबू पांढऱ्या कापडावरच, आईच्या दोऱ्यावर एक थेंबही जाऊ देऊ नकोस, आणि धुण्याआधी ओला पांढरा कपडा त्या मोरावर दाबून बघ, रंग लागला तर धुऊच नकोस, डाग राहू दे.

तुझी,
ताई